चषक कुणी जिंकला? : ‘द इंग्लिश गेम’ आणि वगळलेले अकराजण

२०२०च्या मार्चमध्ये आमच्या चोपड्याच्या घरात पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता. खानदेशात यात नवल नाही. भाव चार पैसे वाढेल या आशेवर कापूस घरात ठेवायचा, माणसांनी मागच्या खोलीत सरकायचं, अंगाला खाज सुटली की खोबरेल लावायचं, हे दरवर्षीचं. त्या वर्षी टाळेबंदी लागली, खरेदी थांबली, जिनिंगची चाकं थांबली आणि कापूस होता तिथेच राहिला. रात्री त्याच खोलीच्या उंबऱ्यात बसून मी मोबाइलवर ‘द इंग्लिश गेम’ ही सहा भागांची मालिका पाहिली. ती त्याच महिन्यात नेटफ्लिक्सवर आली होती. पडद्यावर लँकेशायरची कापडगिरणी चालू होती, माग खडखडत होते. वडील पाणी प्यायला उठले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हाऊ कापूस आपला शे का रे?”

मी हसून म्हणालो, नाही, हे विलायतेतलं आहे, दीडशे वर्षांपूर्वीचं. ते झोपायला गेले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला. मालिका संपल्यावर तिच्याबद्दल जे वाटलं ते नीट मांडायचं तर त्या प्रश्नातूनच जावं लागतं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

आधी मालिका काय सांगते ते पाहू. ‘डाउन्टन ॲबी’वाले ज्युलियन फेलोज हे तिच्या लेखनामागचं मोठं नाव. गोष्ट १८७९ साली सुरू होते. फुटबॉलचे नियम, संघटना, स्पर्धा सगळं उच्चभ्रू शाळांतून शिकलेल्या मंडळींच्या हातात आहे. एफए कप ही जगातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा; ती १८७१-७२च्या हंगामात सुरू झाली, आणि पहिली अकरा वर्षं हा चषक लष्करी अधिकारी, विद्यापीठातले तरुण आणि बड्या शाळांचे माजी विद्यार्थी यांच्याबाहेर गेला नाही. या जगाचा प्रतिनिधी आर्थर किनेर्ड. बँकवाल्या उमराव घराण्यातला, इटन शाळेचा, लालसर दाढीचा, खेळात दांडगा. त्याच्यासमोर फर्गस सूटर. स्कॉटलंडमधला दगड घडवणारा कारागीर. त्याला आणि त्याचा मित्र जिमी लव्ह याला डार्वेन गावचा गिरणीमालक आपल्या संघात आणतो आणि गुपचूप पैसे देतो. खेळासाठी पैसे घेणं तेव्हा नियमबाह्य होतं. पुढे सूटर जास्त पैशासाठी शेजारच्या ब्लॅकबर्नला जातो, डार्वेनची माणसं त्याला गद्दार म्हणतात, आणि शेवटी १८८३च्या अंतिम सामन्यात सूटरचं ब्लॅकबर्न किनेर्डच्या ओल्ड इटोनियन्सला हरवतं. तोवर किनेर्डचं मन पालटलेलं असतं. गरिबाने खेळाचे पैसे घेतले तर त्यात पाप नाही, हे त्याला पटलेलं असतं.

मालिका बघवते, हे आधीच कबूल करतो. कपडे, गल्ल्या, चिखल, दारूचे गुत्ते, सगळं मेहनतीने उभं केलेलं आहे. केविन गथ्री याने केलेला सूटर कमी बोलतो आणि नजरेने जास्त सांगतो. पहिल्या दोन भागांतली डार्वेनची कहाणी तर मुळात खरी आणि विलक्षण आहे. १८७९ साली या गिरणीगावाच्या संघाने लंडनला जाऊन ओल्ड इटोनियन्सविरुद्ध १-५ अशा पिछाडीवरून ५-५ अशी बरोबरी केली. जादा वेळ खेळायला इटोनियन्सनी नकार दिला. पुन्हा लंडन, २-२. तिसऱ्यांदा लंडन, आणि अखेर २-६ असा पराभव. दर वेळी प्रवासखर्चासाठी गावाने वर्गणी काढली. गावची वर्गणी म्हणजे काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता खरा सामना.

तारीख ३१ मार्च १८८३. जागा लंडनचं केनिंग्टन ओव्हल. प्रेक्षक आठ हजारांच्या आसपास. किनेर्डचा हा नववा अंतिम सामना होता. समोर ब्लॅकबर्नचाच एक संघ होता, पण सूटरचा नव्हे. सूटर ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून खेळायचा. रोव्हर्स आदल्या वर्षी, १८८२ साली, अंतिम फेरीत याच इटोनियन्सकडून ०-१ असे हरले होते. १८८३ला मैदानात उतरले ते त्याच गावातले धाकटे, गरीब, पाच वर्षांपूर्वी दोन गल्लीसंघ मिळून जन्मलेले शेजारी : ब्लॅकबर्न ऑलिंपिक.

त्यांचे अकराजण असे. गोलरक्षक टॉमस हॅकिंग, दंतवैद्याचा मदतनीस. जेम्स वॉर्ड, सूतगिरणीत यंत्रावर. कर्णधार अल्बर्ट वॉरबर्टन, प्लंबर. टॉमस गिब्सन, लोखंडाच्या ओतशाळेत. विल्यम ॲस्टली, विणकर. जॅक हंटर, पब चालवणारा आणि संघाचा गुरुजी. टॉमस ड्यूहर्स्ट, विणकर. आर्थर मॅथ्यूज, तसबिरींच्या चौकटी करणारा. जॉर्ज विल्सन, कारकून. जिमी कॉस्टली, सूत कातणारा. जॉन येट्स, विणकर. अकरातले पाच जण थेट कापसावर जगणारे.

ओतशाळेचे मालक सिडनी येट्स यांनी पैसे दिले आणि सामन्याआधी संघाला ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सरावासाठी नेण्यात आलं. हे त्या काळी अगदी नवं होतं. विणकरांना इतकी सुटी परवडते कशी, असा खोचक प्रश्न दक्षिणेतल्या सभ्य लोकांनी विचारला. सामन्यात हॅरी गुडहार्टने इटोनियन्सना आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात मॅथ्यूजने बरोबरी साधली. इटोनियन्सचा आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे ते दहाजण उरले. जादा वेळ सुरू झाला. येट्सचा पास आला आणि कॉस्टलीने गोल केला. विणकराने दिला, कातणाऱ्याने मारला. २-१. त्यानंतर चषक १९०१ सालापर्यंत लंडनला परतला नाही आणि हौशी संघाच्या हाती तो पुन्हा कधीच लागला नाही.

मालिकेत हे अकराजण नाहीत. एकही नाही. ऑलिंपिक हे नावच नाही. दोन संघ मिळून एकच ‘ब्लॅकबर्न’ केलेलं आहे आणि विजय सूटरच्या खात्यावर जमा केला आहे. प्रत्यक्षात सूटरने चषक जिंकला तो पुढच्या तीन वर्षी, १८८४, १८८५ आणि १८८६ला, रोव्हर्सकडून. म्हणजे त्याला उसन्या विजयाची गरजही नव्हती. जिमी लव्हची कथा तर त्याहून वेगळी. मालिकेत तो शेवटपर्यंत सूटरच्या सोबतीला आहे. खरा लव्ह पुढे रॉयल मरीन्समध्ये भरती झाला आणि १८८२च्या सप्टेंबरमध्ये, त्या सामन्याच्या सहा महिने आधी, इजिप्तमध्ये इस्माइलियाला तापाने वारला. इंग्रजांनी तेव्हा इजिप्तवर स्वारी केली होती, आणि त्या स्वारीमागे सुएझ कालव्यावरच्या ताब्याचा मोठा हिशेब होता. मुंबईहून निघालेल्या कापसाच्या गाठी विलायतेला जायच्या त्या याच कालव्यातून.

इथे कुणीही म्हणेल की नाट्यरूपांतर म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. अगदी मान्य. मी पंचाची शिट्टी घेऊन बसलेलो नाही. काळ आवळणं, दोन माणसांचं एक करणं, हा लेखकाचा हक्क आहे. प्रश्न वेगळा आहे. हा बदल केल्यामुळे गोष्टीचं काय झालं?

मला दिसतं ते असं. खरी गोष्ट एका संघाची होती, ती एका नायकाची झाली. खरी गोष्ट दोन वर्गांच्या सामन्याची होती, ती दोन भल्या माणसांच्या मैत्रीची झाली. सहा भागांचा सगळा भावनिक जोर किनेर्ड कधी समजून घेईल यावर आहे. त्याची बायको, त्यांचं अपत्यदुःख, वडिलांशी ताण, मित्रांचा अहंकार यांना भरपूर जागा मिळते. गिरणीतली माणसं त्याच्या शिक्षणापुरती येतात. शेवटी जिंकतं कोण? वर वर ब्लॅकबर्न. पण कथेच्या हिशेबात जिंकतो किनेर्ड, कारण बदलण्याची, मोठं होण्याची संधी लेखकाने त्याला दिली आहे. कामगारांनी फक्त चषक जिंकायचा. फेलोज यांच्या लेखनाची ही जुनी सवय आहे : वाडा राहील, मालक राहील, फक्त मालकाचं मन थोडं मोठं होईल आणि नोकरचाकर डोळे पुसतील.

खरा जॅक हंटर इथे फार उपयोगी पडला असता. पब चालवायचा, बत्तीस-तेहेतीस सामन्यांचा नव्हे तर आयुष्याचा मुरलेला गडी, जो विणकरांना समुद्रकिनारी नेऊन पळवतो, जेवूखाऊ घालतो, डावपेच शिकवतो. कुणा लॉर्डच्या मनपरिवर्तनाची त्याला गरज नाही. पण त्याला मध्यभागी ठेवलं तर किनेर्ड बाजूला सरकतो, आणि ते मालिकेला परवडणारं नाही.

हा बदल खेळ दाखवण्याच्या पद्धतीतही उतरला आहे. त्या काळात इंग्रज शाळांचा खेळ म्हणजे एकाने चेंडू पायाशी घेऊन घुसायचं आणि बाकीच्यांनी मागून धक्का द्यायचा. स्कॉटलंडकडचे खेळाडू एकमेकांना चेंडू देत पुढे जायचे. ऑलिंपिकने अंतिम सामन्यात मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब पास दिले आणि इटोनियन्सना पळवून दमवलं. मालिका हे तोंडाने सांगते. सूटर टेबलावर मांडणी करून समजावतो, सगळे माना डोलावतात. पण सामना सुरू झाला की कॅमेरा सूटरला चिकटतो : त्याचे पाय, त्याचा चेहरा, श्वास, मंदगती. पास देणाऱ्याचं महत्त्व चेंडू सुटल्यावर असतं, तो कुठे धावतो त्यात असतं. ते पाहायला कॅमेऱ्याने मागे जायला हवं, अकराजण एका चौकटीत हवेत. सामूहिक खेळाची कथा एकेकट्या चेहऱ्यांत सांगितल्यामुळे, नवा खेळ नेमका काय होता हे सहा भागांनंतरही डोळ्यांना कळत नाही, फक्त कानांना कळतं.

आपल्याकडच्या ‘लगान’शी ताडून पाहा. आशुतोष गोवारीकरांचा १८९३ सालचा तो सामना पूर्णपणे कल्पित आहे. चंपानेर गाव कल्पित, कॅप्टन रसेल कल्पित. नायकही मोठ्या ताऱ्याने केलेला. तरीही चित्रपट संपल्यावर आपल्याला संघ आठवतो : लोहार अर्जन, कुंभार इस्माइल, कोंबड्या पाळणारा भूरा, वैद्य ईश्वर, लाकूडतोड्या लाखा, आणि गावाने शिवायचं नाकारलेला कचरा. प्रत्येकाला नाव आहे, धंदा आहे, आणि त्याचा खेळ त्या धंद्यातून आलेला आहे. शिवाय सामना कशासाठी, तर साऱ्यासाठी. अर्थकारण थेट धावफलकावर आहे. आता गंमत बघा. कल्पित सामन्याने निरनिराळ्या धंद्यांची अकरा माणसं घडवली, आणि ‘सत्य घटनेवर आधारित’ मालिकेने हातात आयती असलेली निरनिराळ्या धंद्यांची अकरा खरी माणसं टाकून दिली.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो.

मालिकेत मजुरीकपात येते, संप येतो, दंगा येतो. याचं मूळ खरं आहे. १८७८ साली ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गिरणीमालकांनी मजुरीत दहा टक्के कपात जाहीर केली, विणकर संपावर गेले आणि मे महिन्यात मालकांच्या संघटनेचे पुढारी कर्नल जॅक्सन यांचं घर जमावाने जाळलं. पण कपात का झाली? मालिकेत मंदी आभाळातून पडल्यासारखी पडते. मालक कठोर असतात, कामगार हतबल असतात, बस. खऱ्या संपात विणकरांचा युक्तिवाद फार शहाणा होता. बाजारात कापड तुंबलं आहे, मजुरी कापून आणखी विणलं तर आणखी तुंबेल, त्यापेक्षा कामाचे तास कमी करा, असं ते म्हणत होते. कापड तुंबलं होतं कुठल्या बाजारात? मुख्यतः आपल्या. ब्लॅकबर्नची खासियतच हिंदुस्थानसाठीचं जाडंभरडं कोरं कापड आणि धोतरजोड्या ही होती. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि दक्षिण भारतात भीषण दुष्काळ होता. भाकरीला महाग झालेला माणूस धोतर घेणार कुठून? ब्लॅकबर्नच्या विणकराची मजुरी का कापली गेली, त्याचं एक उत्तर इकडे, आपल्या मुलखात पडलेलं होतं.

मागे जाऊ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरमध्ये हाहाकार झाला. त्याला तिकडे ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणतात. गिरण्या बंद, लोक मदतीच्या रांगेत. तेव्हा साहेबाची नजर खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी स्थानिक वाणाच्या जागी हिंगणघाटचं बियाणं पेरण्यासाठी जोर लावला. रेल्वे तापीच्या खोऱ्यात आली. जळगाव ही कापसाची पेठ म्हणून वर आली. भेसळ रोखायला १८६३ साली मुंबई इलाख्यात कायदाच करावा लागला, कारण सोन्याच्या भावाने जाणाऱ्या गाठीत सरकी, माती आणि पाणीही जात होतं. पश्चिम भारतातल्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणायचे. आखूड धाग्याचा, कचऱ्याचा हा ‘सुरत’ मागावर सतत तुटायचा आणि नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराच्या पोटावर पाय यायचा. ‘सुरत’ ही शिवी झाली. आपल्या मालाला कुणी ‘सुरत’ म्हटलं म्हणून एका बिअरवाल्याने बदनामीचा खटला भरल्याची नोंद आहे. १८६५ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परतला, इथला भाव कोसळला, मुंबईतले शेअर बुडाले आणि चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहिला.

१८८३चे ते अकराजण म्हणजे त्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली पोरं. त्यांच्या आईबापांनी मागावर ज्या कापसाला शिव्या घातल्या त्यात आमच्या तापीकाठचाही कापूस असणार. तेव्हा वडिलांच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं : सूटरच्या काळात गिरणीत अमेरिकेचा कापूस पुन्हा आला होता, म्हणून पडद्यावरचा कापूस बहुतेक आपला नव्हे. पण त्या मागावर विणलं जाणारं धोतर आपल्यासाठी होतं.

यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. १८८२ साली, त्या सामन्याच्या बरोबर आदल्या वर्षी, भारत सरकारने विलायती कापडावरची आयात जकात उरलीसुरलीही काढून टाकली. लँकेशायरचे गिरणीमालक त्यासाठी कित्येक वर्षं मागे लागले होते. जळगावात तेव्हा कापडगिरणी उभी राहिलेली होती, गावोगाव हातमाग होते. त्यांना आडोसा राहिला नाही. म्हणजे ॲस्टली, ड्यूहर्स्ट आणि येट्स या तीन विणकरांच्या हाताला काम राहावं यासाठी इकडच्या विणकराचा हात रिकामा होत होता. ओव्हलवर गरिबांनी श्रीमंतांना हरवलं हे खरंच. पण ते गरीब ज्या साखळीत उभे होते तिच्यात त्यांच्याही खाली कुणीतरी होतं. मग त्यांच्या विजयाचा आनंद आपण मानायचा की नाही?

मी मानतो, आणि मला ते शिकवलं डार्वेननेच. २६ सप्टेंबर १९३१ रोजी, गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना, गांधीजी मुद्दाम डार्वेनला गेले. स्वदेशीच्या चळवळीने तिथल्या गिरण्यांना आणखी झळ बसली होती, माणसं बेकार होती. ज्याच्यामुळे आपलं काम गेलं असं त्यांना सांगितलं गेलं होतं तो माणूस पंचा नेसून समोर आला, आणि गिरणीतल्या बायांनी त्याच्याभोवती उभं राहून हात उंचावून जल्लोष केला. तो फोटो प्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांचं दुःख ऐकलं आणि आपल्याकडची गरिबी त्याहून किती खोल आहे हेही त्यांना सांगितलं. बहिष्कार मागे घेतला नाही. पाच वर्षांनी, १९३६च्या डिसेंबरात, हेच गांधीजी फैजपूरला होते. चोपड्याहून यावल, यावलहून फैजपूर, एकाच रस्त्यावरची गावं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आणि तिथे खादीचं प्रदर्शन होतं. डार्वेन आणि फैजपूर यांना जोडणारी ही रेघ मला मालिकेतल्या कुठल्याही मैत्रीपेक्षा जास्त नाट्यमय वाटते, कारण तिच्यात कुणीही आपलं हित खोटं सांगत नाही. दोन्हीकडची माणसं एकमेकांचं नुकसान ओळखून एकमेकांकडे बघतात.

मालिकेत खानदेशी पात्र हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. ते ओढूनताणून झालं असतं. माझी मागणी साधी आहे : मजुरी कापली गेली तर का कापली हे एका वाक्यात तरी कळावं. गोदामातल्या गाठीवर एखादा शिक्का दिसावा. ज्या गोष्टीवर सगळं गाव जगतं तिला नुसतं मागचं दृश्य करू नये.

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या घरातही बघायला हवं. भारतातला असा सामना म्हणजे २९ जुलै १९११, कलकत्ता, आयएफए शील्डचा अंतिम सामना. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवलं, तेही आधी एक गोल खाऊन, २-१. बागानच्या अकरापैकी दहाजण अनवाणी होते. शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. बंगालीत ते अकराजण तोंडपाठ आहेत. शताब्दीला, २०११ साली, अरुण रॉय यांनी चित्रपट केला, त्याचं नावच ‘एगारो’, म्हणजे अकरा. आणि आपण? मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून सुरू होता, भारतातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. अनेक दशकं तो गोऱ्या पलटणींनीच नेला. १९२३ला मोहन बागान मुंबईत अंतिम फेरीपर्यंत आली आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४ अशी हरली. १९३७ला बंगलोर मुस्लिम्सनी तो पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणला. कूपरेजच्या कडेला उभं राहून हे पाहणारे हजारो लोक मराठी बोलणारे असतील, त्यांत गिरणीकामगारही असतील. त्या गर्दीची कादंबरी, नाटक, चित्रपट मराठीत माझ्या वाचण्या-पाहण्यात नाही. क्रिकेटवर आपण शाईचे हौद रिते केले. फुटबॉल आपल्याकडे कोल्हापूरच्या पेठांत जिवंत आहे, पण साहित्यात त्याला जागा नाही.

अपवाद एक, आणि तो हिंदीत आहे : नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. फेलोज यांच्यासमोर जो मोह होता तोच मंजुळेंसमोरही होता, किंबहुना जास्त, कारण त्यांच्याकडे अमिताभ बच्चन होते. भला मास्तर मध्यभागी ठेवून त्याच्या मोठेपणाची गोष्ट सांगणं सोपं होतं. मंजुळे ते पूर्ण टाळू शकले आहेत असं नाही, पण त्यांचा कॅमेरा पुन्हा पुन्हा पोरांकडे वळतो. कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामधली भिंत ते विसरू देत नाहीत. सामना जिंकल्यावरही भिंत तिथेच असते. ‘द इंग्लिश गेम’मध्ये सामना संपला की भिंतही पडल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात खेळाडूंना पैसे देणं १८८५ साली कायदेशीर झालं, आणि ते कुणाचं मन पालटलं म्हणून नव्हे, तर उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली म्हणून.

शेवटी ऑलिंपिकचं काय झालं ते सांगायला हवं, कारण मालिका ते सांगू शकत नाही. पैसे उघड द्यायची मुभा मिळाली आणि ज्यांच्याकडे पैसे जास्त ते टिकले. रोव्हर्सचे आश्रयदाते श्रीमंत होते, ऑलिंपिकचे नव्हते. १८८८ला फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा ब्लॅकबर्नमधून रोव्हर्स आत गेले. ऑलिंपिक बाहेर राहिले आणि १८८९ला त्यांनी दुकान बंद केलं. चषक जिंकल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत. ज्या बदलाचं दार त्यांनी ढकललं त्याच दाराखाली ते चिरडले गेले. खेळाचा इतिहास सांगणाऱ्या कुठल्याही लेखकाने हा शेवट हातचा का जाऊ द्यावा, मला कळत नाही. त्यांनी जिंकलेला मूळ चषक १८९५ साली बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या खिडकीतून चोरीला गेला आणि पुन्हा सापडला नाही. त्याच्या जागी केलेला दुसरा चषक १९११ साली फुटबॉल असोसिएशनने आपल्या अध्यक्षांना सन्मानाने भेट दिला. अध्यक्ष होते लॉर्ड किनेर्ड.

मालिका जरूर पाहा. सहा तास वाया जाणार नाहीत. फक्त शेवटच्या भागात सामना सुरू झाला की सूटरच्या मागे-पुढे धावणाऱ्या त्या बिननावाच्या पोरांकडे लक्ष ठेवा. त्यांच्यात कुठेतरी कॉस्टली आहे आणि येट्स आहे, असं समजून बघा. मी दुसऱ्यांदा पाहताना तसंच पाहिलं, आणि सामना मला जास्त आवडला.

आमचा कापूस त्या वर्षी जूनच्या तोंडावर, पहिल्या पावसाच्या धाकाने विकला गेला. भाव काय मिळाला हे इथे लिहून उपयोग नाही. खोली झाडताना कोपऱ्यात, उंबऱ्याच्या खाचेत, पंख्याच्या पात्यावर कापसाचे पुंजके निघत राहिले. वडिलांना मी सगळं सांगितलं : सुरत, ॲशबर्नर, धोतरं, डार्वेन. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग कप कोन्ही जितना?” मी त्यांना अकरा नावं सांगितली.